निर्वाणा इन फायर (लांग्या बांग): आठवणींनी रचलेला कट

चांदणवेल

नमस्कार मंडळी. बरेच दिवस मनात होतं, आज लिहायला बसले. 'निर्वाणा इन फायर' ही चिनी मालिका, मूळ नाव 'लांग्या बांग', २०१५ सालची, ५४ भागांची. माझी नुकतीच दुसऱ्यांदा बघून झाली. पहिल्या खेपेला कोण कोणाच्या गोटातला हे लक्षात ठेवण्यातच सगळा जीव गेला होता. या वेळी डावपेच आधीच माहीत होते, त्यामुळे लक्ष माणसांच्या चेहऱ्यांकडे गेलं. कितीतरी ठिकाणी मालिका थांबवून नुसती बसून राहिले.

पुढे शेवटासकट सगळं उघड लिहिते आहे. ज्यांची बघायची राहिली आहे त्यांनी इथूनच मागे फिरा, बघून झाल्यावर मात्र नक्की या.

लियांग राज्य, राजधानी जिनलिंग. सेनापती लिन श्येची सत्तर हजारांची चियान सेना मेईलिंगला परक्या शत्रूशी लढून थकलेली असताना आपल्याच राज्याच्या फौजेने तिची कत्तल केली. वर राजद्रोहाचा शिक्का. थोरला राजपुत्र छी याला तुरुंगात विषाचा पेला पाठवला. सेनापतीचा कोवळ्या वयाचा मुलगा लिन शू आगीत होरपळून बर्फात पडला. जीव वाचला, पण तिथल्या किड्यांच्या चाव्यातून एक विचित्र विष अंगात भिनलं. त्यावर उपाय दोनच. एकात आयुष्य पुरतं मिळतं, पण अंगावर केस आणि वाचा अडखळती. दुसऱ्यात हाडं मोडून, कातडी सोलून विष काढायचं. माणसासारखं रूप मिळतं, पण चेहरा नवा, अंगातलं बळ गेलेलं आणि चाळिशी गाठणं अशक्य. त्याने दुसरा निवडला.

एक तप उलटल्यावर तो मेई चांगसू म्हणून राजधानीत परततो. बोलणं संथ, अंगावर जाड फर, हाताशी शेगडी. एके काळी घोड्यावरून खाली न उतरणारा पोरगा आता थंडीने कुडकुडतो. ज्याला हाताशी धरून सत्तेवर बसवायचं ठरवलं तो राजपुत्र जिंग, म्हणजे शियाओ जिंगयान, त्याचा बालमित्र. जिंगयानला वाटतं, हा दरबारी डाव खेळणारा एक सल्लागार. आणि जिंगयानला अशी माणसं मुळातच आवडत नाहीत.

ज्या प्रसंगापाशी मी थांबले तो असा. मेई चांगसू जिंगयानच्या वाड्यात आला आहे. भिंतीवर एक लाल धनुष्य टांगलेलं आहे. तो सहज जवळ जातो, हात पुढे होतो, आणि मागून जिंगयान ओरडतो, हात लावू नका! मग जरा वरमून सांगतो की हे माझ्या जुन्या मित्राचं आहे, परक्यांनी आपल्या वस्तूंना हात लावलेला त्याला आवडत नसे. मेई चांगसू हात मागे घेतो आणि क्षमा मागतो. स्वतःच्याच धनुष्याला हात लावल्याबद्दल.

कॅमेरा त्या हाताजवळ फार रेंगाळत नाही, संगीतही चढत नाही. म्हणूनच ते इतकं लागतं.

मला वाटतं, या मालिकेत सिंहासनासाठी चाललेली जी झोंबाझोंबी दिसते ती वरची साय आहे. जवळजवळ प्रत्येक मोठ्या डावाच्या तळाशी गेलेल्या माणसाची आठवण आहे. कोणी आठवणीपायी न्याय मागतो, कोणी सूड. तुम्हाला काय वाटतं? आणि दुसरं, त्याने जिंगयानपासून स्वतःची ओळख लपवली हे बरोबर होतं का? मला अजून ठरवता आलेलं नाही.

सह्यकडा

फार छान धागा, चांदणवेल. थोडी पार्श्वभूमी जोडतो, नवख्यांना उपयोग होईल.

गोष्ट काल्पनिक आहे, पण साचा इतिहासातला. चीनमध्ये दक्षिणी राजवंशांच्या काळात इ. स. ५०२ ते ५५७ लियांग घराणं खरोखर होतं, त्यांचं आडनाव शियाओच, आणि जिनलिंग म्हणजे आजचं नानजिंग. मात्र मालिकेतला एकही राजा, एकही लढाई त्या इतिहासातली नाही. कादंबरी हाय यान या लेखिकेची, आधी इंटरनेटवर आलेली, आणि पटकथाही तिनेच लिहिली. त्यामुळे धागे सुटलेले कुठे दिसत नाहीत.

दुसरी गोष्ट 'जियांगहू'ची. शब्दशः अर्थ नद्या आणि सरोवरं. दरबार आणि कायदा यांच्या बाहेर राहणाऱ्या तलवारबाजांचं, गुरु-शिष्यांचं, दिलेल्या शब्दाचं जग. तिथे सरकारी हुद्द्यापेक्षा वचन मोठं. मेई चांगसू तिथल्या जियांगज्वो संघाचा प्रमुख. युद्धकलेच्या मालिकेचा नायक आणि त्याला स्वतःला एक ठोसा मारता येत नाही! लढायला शेजारी फेईल्यू हा पोरगेला अंगरक्षक. नायकाचं बळ काढून घेतल्यामुळे लेखिकेला प्रत्येक लढाई बुद्धीची करावी लागली, आणि मालिका तिथेच वरच्या पायरीवर गेली असं माझं मत.

पारिजातक

मला निहुआंगबद्दल बोलायचं आहे, कारण तिच्याबद्दल नेहमी दोन ओळींत आटपतात.

बाप रणात गेल्यावर पोरसवदा वयात दक्षिण सीमेची फौज हातात घेतलेली बाई. लिन शूशी लग्न ठरलेलं. तो 'देशद्रोही' म्हणून मेला, आणि तिने पुढची सगळी वर्षं त्या नावाची जागा रिकामी ठेवली. सम्राट तिच्यासाठी वर निवडायला स्पर्धा भरवतो, त्यामागेही तिच्या एक लाख फौजेवर डोळा ठेवून बसलेले दोन राजपुत्र आहेत. म्हणजे तिच्या लग्नाचाही कटच.

ती त्याला ओळखते तो प्रसंग आठवा. ती त्याच्या अंगावरची जुनी खूण शोधते. खूण नाही. शरीराचा काही म्हणजे काही पुरावा उरलेला नाही. तरी तिला कळतं. आणि तिची पहिली चौकशी, इतकी वर्षं कळवलं का नाहीस अशी नसते. तुला किती सोसावं लागलं, याचं रडू तिला आधी येतं.

कादंबरीत पुढे तिचं मन दुसऱ्याकडे वळतं, मालिकेत ते बदललं. बदललं ते चांगलं झालं असं म्हणणारे पुष्कळ आहेत. मला मात्र राग येतो. त्याला माहीत होतं की आपल्याकडे थोडीच वर्षं आहेत. तिने पुन्हा एकदा वाट बघावी आणि पुन्हा एकदा सुतक पाळावं, हे तिच्या वाट्याला का?

चांदणवेल

पारिजातक, तुमचा राग पटतो. एवढंच म्हणेन की त्याने तिला बांधून ठेवलं नाही, सारखं दूरच करत राहिला. शेवटी ती दक्षिणेकडे आणि तो उत्तरेकडे, दोघं आपापल्या सीमेवर लढायला निघतात. तिथे निरोप घेताना पुढच्या जन्माच्या गोष्टी होतात. या जन्मातलं काही मागायची सोयच राहिलेली नसते. तो भाग मी दुसऱ्यांदा बघू शकले नाही, पुढे ढकलला.

नीरक्षीर

धाग्यातल्या पहिल्या मुद्द्याबद्दल. गुन्हा कसा घडला त्याची साखळी बघा, मग हेतू दिसतात.

श्या जियांग हा सम्राटाच्या गुप्त तपास खात्याचा प्रमुख. राजपुत्र छीच्या मते असं खातं राज्यात नसावंच. म्हणजे छी गादीवर आला की श्या जियांगची खुर्ची गेली. श्ये यू हा सरदार, त्याला मोठं व्हायचं होतं. दोघांनी मिळून एका शिक्षकाला गाठलं. दुसऱ्याचं अक्षर हुबेहूब काढण्यात त्याचा हातखंडा. त्याच्याकडून न्ये फेंग या सरदाराच्या हस्ताक्षरात खोटं पत्र लिहून घेतलं, की लिन श्ये बंडावर उतरला आहे. मग त्या शिक्षकाचाही काटा काढला. एका पत्रावर सत्तर हजार माणसं गेली.

आपल्याला हे परकं वाटू नये. ३० ऑगस्ट १७७३ ला शनिवारवाड्यात नारायणरावांचा खून झाला, त्याची आपल्याकडे सांगितली जाणारी गोष्ट एका अक्षराचीच आहे. 'ध' चा 'मा'. खरंखोटं इतिहासकार बघतील, पण अडीचशे वर्षं लोकांनी ती गोष्ट जपली, कारण राज्य कागदावरच्या एका फटकाऱ्याने फिरतं हे सगळ्यांना ठाऊक आहे.

पण खरा दोषी मला सम्राटच वाटतो. पत्र खोटं होतं, पण विश्वास ठेवायची तयारी त्याची आधीपासूनच होती. मुलगा लोकांना आवडतो, सेनापती मुलाच्या बाजूने उभा राहतो, भर दरबारात मुलगा आपल्याला विरोध करतो. भीती आधी आली, पत्र नंतर. विषाचा पेला आला तेव्हा छीने फर्मान तीनदा वाचून घेतलं आणि म्हणाला, बाप मुलाला ओळखत नाही, मुलगा बापाला ओळखत नाही. आणि प्यायला. ५४ भागांचं सार मला त्या वाक्यात दिसतं.

अंगणातली

मी फार विश्लेषण करणारी नाही. मला जिंग राणी भावली, जिंगयानची आई. (आई आणि मुलगा दोघांच्या पदव्या 'जिंग', पण चिनीत अक्षरं वेगळी आहेत. माझा सुरुवातीला फार गोंधळ झाला.)

मूळची ती वैद्य. लिन घराण्याने आसरा दिलेली. राजवाड्यात कोणाच्या अध्यात ना मध्यात, औषधी झाडं लावायची आणि मुलासाठी गोडधोड करायचं. तिला सगळ्यांत आधी संशय येतो तो कशावरून, तर एका प्रवासवर्णनाच्या पुस्तकाच्या समासातल्या टिपांवरून. मेई चांगसूने टिपा लिहिताना ठराविक अक्षरात एक रेघ गाळलेली असते. आईच्या नावातलं अक्षर मुलाने पूर्ण लिहायचं नाही, असा तिकडे मान राखायचा रिवाज. चेहरा, आवाज, अक्षराचं वळण सगळं बदलून आलेला माणूस, पण आईच्या नावाचा मान सुटला नाही.

आणि मग ते डबे. मुलगा भेटायला आला की ती दोन डबे देते, एक त्याला आणि एक सल्लागार सू साहेबांना, म्हणजे मेई चांगसूला. जिंगयानच्या डब्यात हेझलनटच्या वड्या असतात, त्याला त्या फार आवडतात. दुसऱ्या डब्यात त्या कधीच नसतात. लिन शूला लहानपणापासून हेझलनट सोसत नसे. वर्षानुवर्षं मेलेला समजलेला पोरगा, तिच्या पोटचाही नाही, पण त्याला काय चालत नाही हे तिच्या हाताला पाठ आहे.

माझ्या आईला आता बऱ्याच गोष्टी आठवत नाहीत. पण माझा भाऊ जेवायला बसला की अजून त्याच्या आमटीतली कढीपत्त्याची पानं बाजूला काढून मग वाटी पुढे करते. तो डब्यांचा प्रसंग मी तिच्या शेजारी बसून बघितला. आणखी काय लिहू.

चांदणवेल

अंगणातली ताई, हे वाचून गप्पच झाले. तुम्ही डब्यांबद्दल लिहिलंत म्हणून सांगते, शिकारीच्या वेळी डोंगरावर ती पहिल्यांदा त्याची नाडी बघते ना, तेव्हा वैद्य म्हणून तिला सगळंच कळतं. किती दिवस उरलेत तेही. ती रडते, आणि मुलगा शेजारी उभा असूनही त्याला काही सांगत नाही. तिच्याही पोटात एक गुपित राहतं.

खडकवाट

थोडा विरोधी सूर लावतो, राग नसावा.

मेई चांगसूला आपण फार लवकर माफ करतो. शियाओ जिंगरुईचं काय? त्याने या माणसाला मित्र मानलं, आजारी म्हणून स्वतःच्या घरी राजधानीत आणलं. आणि त्याच जिंगरुईच्या वाढदिवसाच्या मेजवानीत, सगळ्या पाहुण्यांसमोर, त्याचं घर उद्ध्वस्त करायचा बेत मेई चांगसूने आखला. एका रात्रीत पोराला कळलं की बाप समजत होतो तो श्ये यू खुनी आहे आणि आपला बाप नाहीच. खरा बाप परक्या देशाचा राजपुत्र.

श्ये यूचा पडदाफाश व्हायलाच हवा होता हे मान्य. पण दिवस वाढदिवसाचाच का?

जिंगरुई नंतर जे बोलतो ते मला मालिकेतलं सगळ्यांत मोठ्या मनाचं बोलणं वाटतं. माणसाला काही घ्यावं लागतं, काही सोडावं लागतं. तुला जे महत्त्वाचं होतं ते तू घेतलंस आणि मला सोडलंस. निवडलं नाही म्हणून वैर धरायला लागलो तर जगात कोणालाच माफ करता येणार नाही. तलवार न उपसता केलेला हा वार मेई चांगसूला सगळ्यांत खोल लागला असणार.

आणि ह्वा जमातीचं काय? त्यांचं राज्य लियांगने बुडवलं, त्या मोहिमेवर लिन श्येच होता. तिथली राजकन्या श्वानजी हिने सूडासाठी श्या जियांगला नादी लावलं, ती गेल्यावर तिची शिष्या छिन बानरुओ तेच व्रत चालवते. ती पण मेलेल्यांसाठीच लढते आहे. मग तिचा कट तो कट आणि याचा तो न्याय, हे कोण ठरवणार?

चांदणवेल

खडकवाट, तुमचा शेवटचा प्रश्न मला दोन दिवस छळत होता, म्हणून उत्तर उशिरा देते आहे.

बानरुओचं दुःख खोटं आहे असं मी म्हणणार नाही. तिच्या माणसांच्या बाजूने एकही पात्र उभं राहत नाही, ही मालिकेची उणीव मला मान्य आहे. फरक दिसतो तो एवढाच. श्वानजीला लियांग जळालेलं बघायचं होतं, त्यात कोण जळतं याच्याशी तिला देणंघेणं नव्हतं. मेई चांगसूला फेरतपास हवा होता. उघड दरबारात, सम्राट जिवंत असताना, त्याच्याच तोंडून. सम्राटाला मारणं सोपं होतं, मग नव्या राजाने आधीचा निकाल फिरवला असता. पण लोक म्हणाले असते, मित्रासाठी फिरवला. त्याला सत्तर हजार नावांवरचा डाग असा धुवायचा होता की पुन्हा कोणी बोट ठेवू नये.

जिंगरुईबद्दल मात्र माझ्याकडे उत्तर नाही. मेई चांगसूकडेही नव्हतं.

आजोळ

मी सत्तरीचा माणूस, नातीने ही मालिका लावून दिली. तुम्हा सगळ्यांचं वाचून लिहावंसं वाटलं.

मला यान छुए या म्हाताऱ्या सरदाराने धरून ठेवलं. तरुणपणी एकट्या हिमतीवर शत्रूच्या छावणीत वकील म्हणून गेलेला, भाल्या-तलवारींच्या रांगांतून न डगमगता चालत गेलेला माणूस. सम्राट, लिन श्ये आणि हा, तिघं जिवलग. याचं मन लिन श्येच्या बहिणीवर, लिन युएयाओवर. मित्र राजा झाला आणि तिला राणी करून घेऊन गेला. तिचाच मुलगा राजपुत्र छी. मुलाला मारलं, तिनेही जीव दिला. यान छुए जप-तप करत घरात बसला. जगाला वाटलं संन्यासी झाला.

तो मात्र यज्ञाच्या वेदीखाली दारू पुरून सम्राटाला उडवायच्या तयारीत होता.

मेई चांगसूला हे कळतं कशावरून, तर एका संत्र्यावरून. यान छुएचा मुलगा युजिन दक्षिणेकडून सरकारी गलबतातून आलेली संत्री भेट म्हणून आणतो. मेई चांगसू एक उचलून नाकाशी धरतो. सालीला बंदुकीच्या दारूचा वास. त्याच गलबतातून काय आलं असेल ते ओळखतो.

आणि मग तो थंडीच्या रात्री यान छुएच्या घरी जातो. धमकी देत नाही, सौदा करत नाही. दोघं बोलत बसतात. तुम्ही यशस्वी झालात तर पोराचं काय होईल, एवढं विचारतो. ज्या पोराकडे बापाने इतकी वर्षं धड बघितलंही नाही. म्हातारा वेदीखालची दारू काढून घेतो.

मी पण तरुणपणी बऱ्याच गोष्टी मनात धरून बसलो आणि घरातल्यांकडे बघायचं राहिलं. त्या प्रसंगानंतर मी नातीला टीव्ही बंद करायला सांगितला, मुलाला फोन लावला. काही विशेष बोललो नाही. जेवलास का, एवढंच.

पारिजातक

आजोबा, नमस्कार करते. लिहीत राहा.

मृदंगी

मेई चांगसूचं काम करणाऱ्या हू गबद्दल कोणीच लिहिलं नाही! २००६ मध्ये त्याला मोटारीचा भीषण अपघात झाला, त्यात त्याची सहायक गेली. त्याच्या चेहऱ्यावर, डोळ्यापाशी जखमा झाल्या, शस्त्रक्रिया कराव्या लागल्या. त्याआधी तो गोड चेहऱ्याचा लाडका नट होता. नऊ वर्षांनी तो चेहरा बदलून, जिवलगांना मागे टाकून परत आलेल्या माणसाची भूमिका करतो. आरशात बघायच्या प्रसंगांत तो काहीही करत नाही, फक्त बघतो. मला त्या वेळी ते नुसतं अभिनय म्हणून बघता आलं नाही.

सह्यकडा

ओळख लपवण्याचा मूळ प्रश्न राहिलाच की. मला वाटतं त्याने केलं ते योग्य होतं. आपल्याकडे अज्ञातवासातले पांडव ओळख लपवतात, कारण उघडे पडले तर वनवास पुन्हा. इथे उलट आहे. हा उघडा पडला तर नुकसान त्याचं नाही, जिंगयानचं. हा लिन शू आहे हे जिंगयानला आधी कळलं असतं, तर प्रत्येक चालीत त्याने आधी मित्राचा जीव बघितला असता आणि डाव पहिल्याच महिन्यात बुडाला असता.

चांदणवेल

सह्यकडा, डाव वाचला हे खरं. पण घंटेच्या दोरीचा प्रसंग आठवा. दोघांच्या वाड्यांमध्ये भुयार, एकमेकांना बोलावायला घंटा. आपल्या जुन्या साथीदाराला सोडवण्याच्या वेळी जिंगयानचा गैरसमज होतो की हा काळजाचा दगड आहे, आणि तो तलवारीने दोरीच कापून टाकतो. मग मेई चांगसू तसा आजारी, बर्फात त्याच्या मागे येतो आणि ओरडतो, शियाओ जिंगयान, थांब! राजपुत्राला सल्लागार असं नावाने हाक मारत नाही. एका क्षणापुरता लिन शू तोंडातून निसटतो. आणि तरी समोरच्याला ओळखू येत नाही.

लपवलं ते फक्त डावासाठी नव्हतं असं मला या वेळी वाटलं. घाणीत हात घालणारा मेई चांगसू असू दे, जिंगयानच्या आठवणीतला लिन शू स्वच्छ राहू दे, हे त्याला हवं होतं. पूर्व समुद्रावर निघालेल्या जिंगयानकडे लिन शूने गंमतीत कबुतराच्या अंड्याएवढा मोती मागितला होता. जिंगयान तो घेऊन परत आला तेव्हा घ्यायला कोणी उरलं नव्हतं. त्याने मोती जपून ठेवला. तो मोती ज्याच्यासाठी आणला त्या पोराच्या जागी या माणसाला बघून जिंगयानला काय वाटेल, याची त्याला भीती असावी.

अंगणातली

एक राहिलं. सगळे म्हणतात निहुआंगने ओळखलं, जिंग राणीने ओळखलं. त्यांच्याही आधी एकीने ओळखलं होतं. राजवाड्यातली सगळ्यांत म्हातारी, त्याची पणजी. तिला कोणाचं नाव धड आठवत नाही, एकाला दुसऱ्याच्या नावाने हाक मारते. तो परका पाहुणा म्हणून पहिल्यांदा समोर येतो, आणि ती त्याचा हात धरून म्हणते, शियाओ शू, म्हणजे छोटा शू. मग निहुआंगचा हात ओढून त्याच्या हातात देते आणि विचारते, तुमचं लग्न कधी?

सगळे समजतात, म्हातारीला भ्रम झाला. तो गुडघ्यावर बसून असतो, हात सोडवून घेत नाही.